भरतीरेषेच्या आतली गल्ली

४ जानेवारी, सोमवार

नव्या साहेबांनी आज मला त्यांच्या खोलीत बोलावले आणि "बसा" म्हणाले. बंदर कार्यालयाच्या नकाशाखोलीत मला सव्वीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत चार साहेब येऊन गेले, त्या चौघांशी मी उभ्यानेच बोललो. खुर्चीत बसल्यावर हातांचे काय करायचे ते सुचेना, म्हणून शाळेत ठेवत असू तसे गुडघ्यांवर ठेवले.

काम असे. बंदराला यंदा दोनशे वर्षे पूर्ण होतात. त्यानिमित्त येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक पुस्तिका काढायची आहे, शहराबद्दल कोणाला ठाऊक नसलेल्या गोष्टींची. साहेब म्हणाले, "नुसत्या सनावळ्या नकोत. वाचणारा चकित झाला पाहिजे. आणि प्रत्येक गोष्टीखाली नकाशाचा क्रमांक द्या, म्हणजे कोणी थापा म्हणणार नाही. तुमच्याशिवाय हे कोण करणार? अभ्यासक माणूस आहात तुम्ही."

खोलीत काचेखाली नव्या धक्क्याची प्रतिकृती ठेवली आहे. बोटाएवढी झाडे, नखाएवढी माणसे, पांढरी जहाजे. मी पूर्वेच्या कडेला अक्काची गल्ली शोधली. ती नाही. करणाऱ्याला जागा पुरली नसावी.

येताना ही वही विकत घेतली, गोष्टी टिपून ठेवायला. पहिल्याच पानावर खुर्चीचे लिहून बसलो. असू दे.

७ जानेवारी, गुरुवार

पाच गोष्टी लिहून झाल्या. आपले दीपगृह बाजारात आहे, भांड्यांच्या दुकानांच्या मधोमध, आणि समुद्र तिथून सव्वा मैल लांब. लोक समजतात, कोणा शहाण्याने चुकीच्या जागी बांधले. दीपगृह जागचे हललेले नाही. समुद्र मागे सारला. पुलाच्या चौकात पूल नाही म्हणून परगावचे लोक हसतात. पूल आहे, तीन कमानींचा, अख्खा, रस्त्याखाली गाडलेला. शहरात दोन टेकड्या होत्या. त्यातली एक नऊ वर्षे टोपल्यांनी वाहून खाडीत टाकली, तिच्यावर आज गोदामे आहेत. जकातघराच्या जोत्यात अकरा देशांचे दगड आहेत, कारण रिकामी येणारी जहाजे डोलू नयेत म्हणून तळाशी दगड भरून आणत, आणि ते इथे टाकून माल नेत.

पाचवी मला सगळ्यात आवडली. मनोऱ्यावरचे घड्याळ साठ वर्षे मुद्दाम अकरा मिनिटे पुढे ठेवलेले होते, खलाशांची भरती चुकू नये म्हणून. सगळे शहर त्याच घड्याळाने उठले आणि जेवले. साठ वर्षांतल्या सगळ्यांच्या जन्मवेळा चुकीच्या आहेत असेही लिहिले होते, ते खोडले. लोकांना वाईट वाटेल.

घरी बायकोला वाचून दाखवले. ही ऐकून म्हणाली, "खोटं घड्याळ असून जहाजं वेळेवर सुटली. तुम्ही खरं घड्याळ हातात घालून रोज जेवायला उशिरा येता."

१० जानेवारी, रविवार

अक्काकडे गेलो. अक्का माझी मोठी बहीण, तेरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला गावाहून इथे आणले. गावच्या शाळेत सातवी झाली होती. पुढची चार वर्षे तिने नवऱ्याच्या जोडीने दोर वळून मला शिकवले. तिच्या तळहातांवर रेषा राहिलेल्या नाहीत. मेहुणे जाऊन बरीच वर्षे झाली, ती अजून दोरवाल्यांच्या गल्लीतच राहते, समुद्राच्या वासात, दोन खोल्यांत.

समोरचा शिंपी तिच्या पायरीवर काज करत बसला होता. मी पुस्तिकेचे सांगितले. म्हटले, "अक्का, तुझी गल्ली शहरातली सगळ्यात सरळ गल्ली आहे. तीनशे वीस पावलं. दोर जेवढा लांब हवा तेवढी जागा सरळ लागते."

"हे सांगायला सव्वीस वर्षं नोकरी करावी लागली होय रे? दोर वळणारा मागं मागं चालतो. माझं अर्धं आयुष्य ह्या गल्लीत पाठमोरं गेलं. घरं मी पाठीनं ओळखते."

"तरीच तुम्हाला पुढचं दिसत नाही," शिंपी म्हणाला. "नोटीस आलीय. वाचली का?"

नोटीस बंदराची. जुन्या भरतीरेषेच्या आत येणारी सगळी जमीन बंदराची, असा कायदा. भरतीरेषा म्हणजे भरतीचे पाणी चढून जिथे थांबते ती रेषा. गल्लीचे म्हणणे, आमची गल्ली पाण्यात नव्हतीच कधी. रेषा त्या काळी कुठून जात होती, याचा कागद ना बंदराकडे, ना गल्लीकडे. सुनावणी एप्रिलात आहे.

"अहो नकाशेवाले," शिंपी म्हणाला, "तुमच्या त्या खोलीत असेल की काहीतरी. बघा, आणि आणा इकडं."

मी म्हणालो, कार्यालयाचे कागद बाहेर नेता येत नाहीत.

अक्का म्हणाली, "त्याला नको सांगू. शाळेतला खडूचा तुकडासुद्धा कधी खिशात आला नाही ह्याच्या." ती शिंप्याला सांगत होती, पण मला बरे वाटले.

१९ जानेवारी, मंगळवार

पूर्व किनाऱ्याचे ओल लागून चिकटलेले नकाशे आज सुटे केले. चिकटलेला नकाशा ओढायचा नसतो. दोन दिवस दमट कापडात गुंडाळून ठेवायचा, मग बोथट सुरी घालून कडेकडेने उचलायचा. क्रमांक सत्तेचाळीस असा उचलला आणि बसलो.

भरतीरेषा त्यावर आहे. निळी, ठळक, शेजारी नाव लिहिलेली. ती गल्लीच्या पाठीमागून जाते. म्हणजे अक्काचे घर, शिंप्याची पायरी, तीनशे वीस पावले, सगळे रेषेच्या समुद्राकडच्या बाजूला.

नकाशा गुंडाळून कपाटात सगळ्यात खाली ठेवला. मी काही लपवलेले नाही. तो तिथेच होता, तिथेच आहे.

हे वाक्य पुन्हा वाचले. चोराने लिहिल्यासारखे आहे.

२८ जानेवारी, गुरुवार

नऊ दिवस नामस्मरणात मन लागले नाही. माळ ओढत होतो, मोजणी चुकत होती.

आज देवाने दया केली. कपाटामागे एक पत्र्याची पेटी आहे, यादीत न चढवलेल्या कागदांची. तिची यादी करू द्या म्हणून मी चार साहेबांना अर्ज दिले होते. आज अर्जाची वाट न बघता उघडली. तळाशी त्या सत्तेचाळीस क्रमांकाच्या मोजणीदाराची मोजणीवही निघाली. नकाशा काढण्याआधी माणूस किनाऱ्यावर उभा राहून ज्या वहीत आकडे टिपतो, ती. एका पानावर असे आहे:

"रेषा वादळाच्या वर्षी चढलेल्या पाण्याची घेतली आहे, वरून तसा हुकूम. रोजची भरती दोरवाल्यांच्या गल्लीपासून एकशे दहा पावले खाली राहते. गल्लीतल्या विहिरीचे पाणी गोडे. आमची साखळी तुटली म्हणून दोरवाल्यांनी मोजायला दोर दिला, लांबी बरोबर भरली."

तेव्हाही गल्ली होती. माणसे होती, विहीर होती, दोर होता. नकाशा खरा आहे, पण एका वादळी दिवसापुरता.

आता लपवायचे कारण राहिले नाही. दोन्ही साहेबांना देणार. ते सज्जन आहेत, अभ्यासाची ओढ आहे त्यांना. पूर्व किनाऱ्याचे काही निघाले का, असे आठवड्यातून दोनदा विचारतात. खरे काय ते त्यांना कळले की नोटीस आपोआप मागे घेतली जाईल.

२ फेब्रुवारी, मंगळवार

दिली. साहेबांनी मोजणीवहीचे ते पान दोनदा वाचले. मग नकाशा पाहिला, मग पुन्हा पान. म्हणाले, "हे आणखी कोणी पाहिलंय?" मी म्हटले, नाही, सगळ्यात आधी तुम्हालाच. "फार मोठं काम केलंत," म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आमच्या खोलीचा नियम आहे. जे बाहेर जाईल ते जावक रजिस्टरात चढते, नेणाऱ्याची सही होते. सही घेतल्याशिवाय मी कोणाला चिटोरेसुद्धा दिलेले नाही. एकदा मुख्याधिकाऱ्यांना दारातून परत बोलावले होते. दिवस संपला की एक ओळ मोकळी सोडतो आणि दुसरा दिवस तिच्याखाली सुरू करतो, म्हणजे दिवसात दिवस मिसळत नाही. साहेबांनी नकाशाची सही केली. पेन उघडेच होते. म्हणाले, "आणि या वहीची?"

मी म्हणालो, "तिला अजून क्रमांक पडलेला नाही साहेब. क्रमांकाशिवाय नोंद कशी चढवू? राहू द्या. तुमची कसली सही."

ते हसले. चहा पाजला. बशीतल्या बिस्किटाला मी हात लावला नाही, पण पुढे केले होते.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांकडून अजून काही नाही. कामाचा व्याप मोठा आहे.

हिने विचारले, "अक्कांना सांगितलंत का वहीचं?" मी म्हणालो, नोटीस मागे घेतली गेली की सांगेन, तिला चकित करायचे आहे.

"चकित करायचं ते त्या पुस्तिकेत करा," ही म्हणाली. "अक्कांना आज सांगा."

बायकांना धीर नसतो.

३ मार्च, बुधवार

शिंपी दुपारी कार्यालयाच्या फाटकापाशी आला. आत येऊ देईनात, म्हणून मी बाहेर गेलो. त्याने घडी घातलेला कागद काढला. बंदराने सुनावणीसाठी पुरावा दाखल केला आहे. नकाशा क्रमांक सत्तेचाळीस. एवढेच. मोजणीवहीचे नाव कुठेच नाही.

"हा तुमच्या खोलीतला ना?" शिंप्याने विचारले.

मी हो म्हणालो.

"कोणी काढून दिला?"

मी त्याला म्हटले, यात काहीतरी राहून गेले आहे, एक वही जोडायची राहिली आहे, उद्या साहेबांशी बोलतो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला वाटते, राहूनच गेली असेल. दोन वेगवेगळ्या कागदांत असे होते.

४ मार्च, गुरुवार

साहेबांनी आज बसा म्हटले नाही.

मी मोजणीवहीचे विचारले. ते सही करत होते. वर न बघता म्हणाले, "कोणती वही?"

मी सांगितले. तारीख सांगितली, पान सांगितले, चहासुद्धा सांगितला.

"रजिस्टर बघा ना तुमचं. नोंद असेल तर माझ्याकडंच असणार. नोंद नसेल तर तुम्हीच कुठंतरी ठेवली असेल. खोलीत पसारा आहे फार." मग पेन खाली ठेवले आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "तुमची बहीण राहते ना त्या गल्लीत? मला आधी सांगायचं होतंत. अशा वेळी माणसाला नसलेलं पण आठवतं."

मी बाहेर येऊन जिन्यात उभा राहिलो. साहेब विसरले असतील, हे मी स्वतःला दोन मजले सांगत खाली उतरलो. तळमजल्यावर सांगणे थांबवले.

१४ मार्च, रविवार

अक्काला सगळे सांगितले. निळ्या रेषेचे, नऊ दिवसांचे, वहीचे, सहीचे. ती भिंतीला टेकून ऐकत होती. शिंपीही होता. त्याने सुई टोचून ठेवली.

"म्हणजे," शिंपी म्हणाला, "गळा आमचा, आणि सुरी तुम्ही धार लावून दिलीत. वर ढालही त्यांनाच दिलीत."

"तू गप रे," अक्का म्हणाली. मला विचारले, "ती मोकळी ओळ म्हणालास, ती कुठं आहे?"

"साहेबांच्या सहीच्या बरोबर खाली."

"अजून मोकळीच?"

"मोकळीच असते."

"मग लिही तिच्यात. अमक्या तारखेला वही दिली. दिलीच आहेस ना?"

मी म्हणालो, "अक्का, दिली ते खरं. पण त्या दिवशी लिहिली नाही, हेही खरं. आज लिहून त्या दिवसाची म्हणायची, म्हणजे खोटी नोंद."

"खरी गोष्ट लिहिली तर खोटी कशी होईल?"

"तारखेनं होते."

शिंपी हसला. त्या हसण्यात काही नव्हते.

अक्का भिंतीपासून सरळ झाली. मग तिने विचारले, "तू देवाला भितोस की साहेबाला?"

देवाला, असे मी म्हणालो. परत येताना वाटेत हिशेब केला तर नोकरीची नऊ वर्षे उरली आहेत, हेही मनात होते. कोण पुढे होते आणि कोण मागे, ते सांगता येणार नाही.

२२ मार्च, सोमवार

दुपारी खोलीत एकटा होतो. रजिस्टर उघडले. दोन फेब्रुवारी. साहेबांची सही, खाली मोकळी ओळ. पेनात शाई भरली. तीच शाई, तेच अक्षर, कोणाला कळले नसते. "मोजणीवही एक, क्रमांक नाही." एवढे चार शब्द.

सव्वीस वर्षांचे रजिस्टर. पंधरा जाड बांधलेली पुस्तके कपाटावर ओळीने उभी आहेत, एकातही खाडाखोड नाही. माझ्यामागे माझे म्हणून एवढेच राहणार. त्यात एक ओळ अशी घातली की ती सगळी पुस्तके माझ्याकडे कशी बघतील, हे मनात आले. अक्काचे घर मनात आले ते त्यानंतर. हे लिहायला जड जाते, पण क्रम असाच होता.

पेन बंद केले. मग आजच्या तारखेखाली लिहिले: "दोन फेब्रुवारीस एक मोजणीवही साहेबांना दिली, तेव्हा नोंद करणे राहिले, ती चूक माझी." खाली सही केली. हे खरे आहे आणि खरेपणाने लिहिले आहे. देवाला मी काही विचारले नाही.

घरी हिला सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही स्वतःला वाचवलंत." मला वाटले, ती कौतुक करते आहे.

८ एप्रिल, गुरुवार

सुनावणी झाली. अधिकारी बाई थकलेल्या, पण बोलायला सभ्य. गल्लीतली चाळीसेक माणसे बाकांवर दाटीवाटीने बसली होती.

अक्काला बोलायला दिले. ती म्हणाली, "बाई, भरतीच्या पाण्यात दोर वळता येतो का? ओल्यात पीळ धरत नाही. माझ्या सासऱ्याचा आजा तिथंच दोर वळायचा. तो काय पाण्यात उभा राहून वळायचा?"

बाई म्हणाल्या, "पटतंय आजी. पण कागद?"

मग मला उभे केले. बंदराच्या वकिलाने विचारले, "नकाशा क्रमांक सत्तेचाळीस अस्सल आहे?"

"आहे. पण ती रेषा वादळाच्या..."

"अस्सल आहे. ठीक. सही घेतल्याशिवाय तुम्ही कोणाला काही देत नाही, खरं?"

"खरं."

"साहेबांनाही नाही?"

"नाही."

"त्या दिवशी नकाशासाठी त्यांची सही घेतलीत. मग त्या वहीची का नाही?"

"तिला क्रमांक नव्हता."

बाकांवर कोणीतरी हसले. गल्लीतलेच असावे. मी मार्चमधली नोंद दाखवली. वकील म्हणाला, नोटीस आल्यानंतरची आहे, आणि अर्जदार यांची सख्खी बहीण आहे. शेवटी मी ही वही पिशवीतून काढली. हिच्यात त्या दिवशीचे त्या दिवशी लिहिलेले आहे, असे म्हणालो. बाईंनी हातात घेतली, पहिले पान उघडून वाचले: "नव्या साहेबांनी आज मला त्यांच्या खोलीत बोलावले आणि बसा म्हणाले." आणखी दोनचार पाने चाळली आणि मिटून परत दिली. "ही तुमची खासगी वही आहे हो. हिच्यावर मी आदेश कसा देऊ?"

परतताना अक्का माझ्याबरोबर चालली नाही. शिंप्याबरोबर चालली.

२७ एप्रिल, मंगळवार

आदेश आला. गल्लीची सगळी जमीन भरतीरेषेच्या आतली. तीस दिवसांत रिकामी करायची. एक परिच्छेद माझ्याबद्दल आहे, तो उतरवून घेतो:

"नकाशाखोलीचे जावक रजिस्टर सव्वीस वर्षे अत्यंत काटेकोरपणे ठेवलेले दिसते. त्याच्या विश्वासार्हतेबद्दल दोन्ही पक्षांत वाद नाही. म्हणूनच, ज्या वस्तूची त्यात त्या दिवशी नोंद नाही ती वस्तू त्या दिवशी दिली गेली, असे मानता येत नाही."

तीनदा वाचला. एका शब्दातही चूक सापडत नाही. मी खोटारडा असतो, सह्या घ्यायला विसरणारा गबाळा कारकून असतो, तर त्या बाईंना शंका घ्यायला जागा राहिली असती.

साहेबांनी दुपारी खोलीत येऊन अभिनंदन केले. आदेशात कार्यालयाचे नाव निघाले म्हणून.

आज नामस्मरणाला बसलो नाही. बसलो असतो तर भांडलो असतो.

१७ मे, सोमवार

पुस्तिका छापून आली. गुळगुळीत कागद, बारा गोष्टी. माझ्या त्यात तीन: दीपगृह, घड्याळ, टेकडी. पहिल्या पानावर मी न लिहिलेली एक गोष्ट आहे. "आज जिथे नवा धक्का उभा राहत आहे तिथे दोनशे वर्षांपूर्वी लाटा फुटत होत्या. नकाशा क्रमांक सत्तेचाळीस." दोरवाल्यांच्या सरळ गल्लीची गोष्ट नाही. शेवटच्या पानावर आभार आहेत, "आमच्या नकाशाखोलीतील अभ्यासक" असे.

दुपारी साहेब स्वतः आले. पश्चिम किनाऱ्याचा बावन्न क्रमांक हवा म्हणाले. तिकडे जाळी विणणाऱ्यांची वस्ती आहे. मी रजिस्टर पुढे केले. त्यांनी वाचून, सावकाश सही केली आणि विचारले, "आणखी काही आहे का याच्याबरोबरचं? एखादी वही?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

हे खरे आहे. त्या पेटीत अजून सतरा मोजणीवह्या आहेत आणि मी त्या उघडलेल्या नाहीत. आज उघडेन म्हणून कुलूप काढले होते. मग परत लावले. उघडली आणि काही निघाले, तर ते कोणाला द्यायचे हे मला आता कळत नाही.

नकाशा त्यांना दिला. नियमात होते.

३० मे, रविवार

अक्का आज गेली. मेहुण्यांच्या पुतणीकडे, परगावी. हिने आमची आतली खोली तिच्यासाठी पंधरा दिवसांपासून झाडून ठेवली होती, नवी चादर घातली होती. ही स्वतः दोनदा जाऊन सांगून आली. अक्काने तिला जवळ घेतले, आणि नाही म्हणाली.

गल्लीत मी सकाळी आठला पोचलो. शिंप्याच्या घराचे पत्रे उतरवले होते. तो यंत्र हातगाडीवर बांधत होता. माझ्याकडे बघून "या अभ्यासक" म्हणाला, आणि गाठ मारत राहिला. त्याला पुस्तिका कोणी दाखवली कोण जाणे.

अक्काची ट्रंक मी घेतली. ती पुढे चालत होती. तीनशे वीस पावले मी तिच्या पाठीकडे बघत चाललो. ती एकदाही वळली नाही. गाड्यांच्या तळावर ट्रंक टपावर चढवली, तिला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा राहून म्हणालो, "अक्का, महिनाभर राहून बघ. नाही जमलं तर आमच्याकडं ये."

"तुझ्याकडं नको."

"का पण? राग आहे ना माझ्यावर?"

ती माझ्याकडे बघत होती. मी आठवीत पहिला आलो तेव्हा बघत होती, तशीच.

"तू ती ओळ लिहिली असतीस," ती म्हणाली, "तर मी तुला जन्मभर खोटारडा म्हटलं असतं. पण माझ्या घरात बसून म्हटलं असतं रे."

मला उत्तर द्यायचे होते. तोंड उघडले, पण गाडीच्या माणसाने दार आपटले आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगितले. मी मागे झालो. गाडी सुटायला आणखी दहा मिनिटे लागली, तेवढा वेळ मी तिथेच उभा होतो. अक्काने खिडकी लावून घेतली होती. त्या बाजूला ऊन नव्हते.